भाव डॉलरात, बिल रुपयांत

‘मधल्या किमतीची नवी ग्राफिक्स कार्डे येऊ द्या, स्पर्धेने भाव पडतील’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांचा हिशोब डॉलरातला. आमचे बिल नवी पेठेत रुपयांत होते, वर 18 टक्के जीएसटी. 2025 मध्ये एनव्हिडियाने 5060 कार्ड 299 डॉलरला आणले, एएमडीने 8 जीबीचे 9060 एक्सटीही नेमके 299 ला. ही स्पर्धा की शेजारधर्म? त्यातल्या त्यात इंटेलने डिसेंबर 2024 मध्ये 12 जीबीचे बी580 249 डॉलरला काढले, चुरस म्हणायची तर तीच.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दिवाळीपासून थांबलो, तुळशीचे लग्न लागले, कामे आली. जुने 4 जीबीचे कार्ड अजून हळदीतच अडकून पडते! खेळणाऱ्यांनी खुशाल थांबावे. पोट ज्यांचे कार्डावर आहे, त्यांनी 8 जीबीच्या पुढचे आजच घ्यावे.

— एक वाचक, सोलापूर