रंग भिंतीला, चुना भाडेकरूला

बेळगावात घरभाड्यावर ज्यांचे बरे चालले आहे अशा एका गृहस्थांनी अलीकडे एक सिद्धान्त मांडला आहे. भाडेकरू म्हणजे खिळे ठोकणारी, तोट्या मोडणारी आणि शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे बुडवून पसार होणारी जमात. तिला वेसण म्हणून भरभक्कम ॲडव्हान्स घ्यावा, घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचे भाडे कापावे आणि उरलेले सवडीने द्यावे. करारात लिहिलेले असते, सही दोघांची असते, मग तक्रार कसली? शिवाय कोर्ट उघडे आहेच!

सिद्धान्त मालकाच्या खिशाच्या मापाने शिवला आहे, हे मान्य करायला हवे.

आधी रंगाचे घेऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की, करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळे नसेल तर भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी. मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. माणूस राहिला की भिंत मळणारच. भाडे घेता ते त्याचेच ना? पण गृहस्थ ‘करारात वेगळे’ या दोन शब्दांना घट्ट धरून बसले आहेत. मग 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 त्यांनी वाचावे. करारभंगाच्या भरपाईचा आकडा आधीच लिहून ठेवला म्हणून तो सगळा पदरात पडत नाही. तो कमाल मर्यादा असतो, आणि मिळते ती वाजवी भरपाई. इथे तर भंगही नाही अन् नुकसानही नाही, नुसती कापाकापी.

शहापूर-वडगावातली जुनी कौलारू घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला ओल चढते. आधी डिस्टेंपरला फुगे, मग पोपडे, आणि गणपतीपर्यंत खालचा गिलावा हाताला लागतो. कौल फुटलेले मालकाचे, पन्हळ गळकी मालकाची, आणि बिल मात्र त्या भिंतीला पलंग लावून झोपणाऱ्या पोराच्या नावावर! समजा भाडे 8,000 आहे आणि पाच वर्षांत चार भाडेकरू आले-गेले. रंगाचे 32,000 गोळा झाले. रंगारी किती वेळा आला? बहुधा एकदाच, तोही मालकाच्या घरचे लग्न निघाले तेव्हा. बाकी वेळी नव्या माणसाला ‘नुकताच रंग दिलाय’ एवढे सांगितले की काम भागते. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचा रंग मालकाच्या वाट्याला घातला आहे. नळाची तोटी, स्विच, खिडकीची काच भाडेकरूकडे. वाटणी इतकी सरळ आहे की वाचून गृहस्थांना घेरी यावी.

व्याजाचे तर कोणी नावच काढत नाही. ॲडव्हान्स म्हणून दहा महिन्यांचे भाडे घेतले तर 80,000 होतात, सहा टक्क्यांनी वर्षाला 4,800. तेही मालकाचेच.

इथे गृहस्थ आपले जुने दुखणे काढतात. 1 मार्च 1974 ला कर्नाटकात कुळकायद्याची दुरुस्ती लागू झाली, कसणाऱ्याच्या नावावर जमीन गेली. उद्या राहणाऱ्याच्या नावावर घर जाईल, म्हणून हात राखून राहावे लागते. हा वाद या भागात पन्नास वर्षे घातला जातोय आणि ऐकून कान किटले. जमीन गेली त्याचे उट्टे कॉलेजच्या पोरावर काढायचे? अकरा महिन्यांचा करार करून तुम्ही आधीच तटबंदी केली आहे की.

आता ते उघडे कोर्ट. बेळगावात खोली घेणारा मुलगा चंदगडचा किंवा गडहिंग्लजचा असतो. करार कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. अडकलेल्या 15,000 साठी त्याच्या बापाने राज्याची सीमा ओलांडून वकील लावायचा, तारखांना यायचे, आणि एस्टीच्या तिकिटांत पैसे घालवायचे. मालकाला हे पक्के माहीत असते, म्हणून तर तो कोर्टाचे नाव इतक्या प्रेमाने घेतो.

भाडे बुडवणारे भाडेकरू नाहीत का? आहेत. त्यांचे थकलेले भाडे आणि विजेचे बिल बेलाशक कापावे, पावती दाखवून.

मग करावे काय? फार अवघड नाही. त्याच आदर्श कायद्याने राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवली आहे आणि रास्त वजावट करून ताबा घेण्याच्या दिवशीच ती परत करायला सांगितले आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर असले तरी दोन माणसांना आपल्या करारात ते लिहायला कोणाची मनाई आहे? निपाणीहून निघून दूधगंगा ओलांडली की कागलला महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा लागतो. तिथे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कागलचे मालक त्यामुळे भिकेला लागल्याचे ऐकिवात नाही.

तोवर, या जूनमध्ये पोराला बेळगावात ठेवणाऱ्या आई-बापांना एवढेच सांगणे: किल्ली घेण्याआधी चारी भिंतींचे फोटो काढा, अनामत बँकेतूनच द्या, आणि रंगाचे कलम दिसले तर ते खोडून मगच सही करा.