आवाज इंजिनाचा की मालकीचा?

शर्यतीच्या मोटारसायकलचा आवाज ‘मर्दानी’ असतो, हे इतक्या वेळा कानांवर पडते की तो निसर्गनियमच वाटावा. तेव्हा आधी त्या आवाजाचीच चिकित्सा करू.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५,००० फेऱ्या घेऊ लागले की सेकंदाला ५०० स्फोट. ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एकच उंच सूर लागतो. १९६६ सालची होंडाची सहा सिलिंडरची, २५० सीसीची शर्यतीची गाडी १८,००० फेऱ्यांपर्यंत जाई, म्हणजे सेकंदाला ९०० स्फोट. हा घनगंभीर आवाज नव्हे, किंकाळी आहे. बाईने या पट्टीत तोंड उघडले तर तिला कर्कशा म्हणतात! चालवणाऱ्याला मात्र त्या सुराचा उपयोग असतो. गिअर केव्हा बदलायचा, इंजिन कुठे अडखळते, हे कानाला कळते. आणि मूठ कोणाच्या हातात आहे हे इंजिनाला कळत नाही.

ते कळले पुरुषांच्या संघटनांना. १९६२ साली बेरिल स्वेन ही आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत एकटीने गाडी चालवणारी पहिली स्त्री ठरली. गाडी अवघी ५० सीसीची. शर्यत तिने पूर्ण केली, आणि त्यानंतर तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला गेला. कारण काय, तर हा खेळ बायकांसाठी धोक्याचा. (पुरुष पडले तर त्यांना लागत नसावे.) पुढे २०१८ मध्ये स्पेनच्या आना कारास्कोने पुरुषांसोबत शर्यती करून सुपरस्पोर्ट ३०० गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. मध्ये ५६ वर्षे गेली.

वेगाला गोंगाट लागतोच, हेही खोटे. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकशेजारच्या रहिवाशांनी १९२० च्या दशकात आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या, कोर्टात गेले, आणि तिथे शर्यतीच्या गाड्यांनाही सायलेन्सर सक्तीचा झाला. त्याच ट्रॅकवर १९३४ साली बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईने ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारून सुवर्णतारा मिळवला.

मग आपल्या गल्लीत सायलेन्सरची आतली जाळी काढून, फटाके फोडत हिंडणारा मुलगा कोणती शर्यत जिंकतो? गाडीचा वेग वीस-पंचवीसचा असतो. इथे आवाज वेगातून येत नाही, तो मुद्दाम केलेला असतो. ‘हा रस्ता माझा’ हे त्याला सांगायचे असते. मुलींच्या वसतिगृहासमोर तीच गाडी रात्री चार चकरा मारते तेव्हा तो आवाज कोणाला उद्देशून आहे, हे आतल्या प्रत्येकीला कळते. खिडक्या लावल्या जातात. क्लासची वेळ बदलते. घरचे म्हणतात, तूच लवकर येत जा.

पोलीस याला वाहतुकीचा मामला मानतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड होतो, कधी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवून फोटोही निघतात. ते व्हायलाच हवे. पण भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ (पूर्वीचे भारतीय दंड विधानाचे ५०९) स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द, केलेला हावभाव आणि काढलेला ‘आवाज’ही गुन्हा ठरवते. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. या कलमातली ‘लज्जे’ची भाषा आपल्याला पटणारी नाही, त्यावर भांडण चालूच राहील. पण आवाज हा शब्द तिथे आहे. आपल्या तक्रारी मात्र बहुधा ‘ध्वनिप्रदूषण’ एवढ्यावरच थांबतात.

अडचण हेतू सिद्ध करण्याची आहे. एक चकर योगायोग म्हणून सुटते, रोज त्याच दारापाशी, त्याच वेळी मारलेली चकर सुटणे अवघड. म्हणून वसतिगृहांत, वस्त्यांत एक वही ठेवावी: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती चकरा, फटाका कोणत्या खिडकीखाली फोडला, कोणी ऐकला. दोघी-तिघींच्या सह्या असाव्यात. तक्रार देताना त्या वहीची प्रत जोडावी आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.