स्टेशन मागावे, पण मालधक्क्यासह

जालना ते जळगाव ह्या १७४ किलोमीटरच्या लोहमार्गास केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून भोकरदनाकडील शेतकरी बंधूंची एक मागणी ऐकू येते: आमच्या गावास स्टेशन हवे. मागणी रास्त आहे. ज्याची जमीन रुळांखाली जावयाची, त्याच्या गावावरून गाडी न थांबता निघून जावी, हा न्याय नव्हे. परंतु स्टेशन कशाच्या बळावर जगते, हा विचार त्या मागणीत आम्हांस आढळत नाही.

तो ज्यांस करावयाचा असेल त्यांनी शेजारच्या वऱ्हाडात एकवार जाऊन यावे. यवतमाळहून मूर्तिजापुरास व तेथून अचलपुरास जाणारा, लोक ज्यास लाडाने 'शकुंतला' म्हणतात, तो सुमारे १९० किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन ह्या विलायती पेढीच्या कंपनीने घातला, तो मुख्यतः कापसाकरिता. त्या मुलुखातील कापूस छोट्या गाडीने मूर्तिजापुरास येई, तेथे मोठ्या रुळांवरील डब्यांत चढे आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरच्या वाटेस लागे. पुढे मोटारलॉऱ्या आल्या. लॉरी जिनाच्या दारातून गठ्ठे उचलून थेट पोचवी. आगगाडीस मात्र तेच गठ्ठे मूर्तिजापुरी उतरवून पुन्हा चढवावे लागत. माल गेला, उतारू तेवढे राहिले. मालकी खाजगी कंपनीची व गाड्या चालविणारी रेल्वे सरकारी, अशा दुहेरी कारभारात रुळांची दुरुस्ती मागे पडली. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने व नंतर डिझेलने चाललेली ती गाडी अखेर बंद पडली. लाखपुरी, पथ्रोट इत्यादी गावांची स्टेशने आज ओस आहेत. गरिबांस तिचे तिकीट परवडत असे, ह्याबद्दल हळहळ सर्वांस आहे. पण त्या तिकिटाच्या पैशावर मार्ग तगला नाही.

आमचा मनमाड–सिकंदराबाद मार्गही काही निराळ्या नशिबाचा नव्हता. १९०० च्या सुमारास निजामी अमलात सुरू झालेला हा ३९१ मैलांचा मार्ग मीटर रुंदीचा. मनमाडास तीच उतरचढ, तीच हमाली. १९९० नंतरच्या दशकात रुंद रूळ आले. पण तोपर्यंत रेल्वेचे धोरण फिरले होते. एखाददुसरा सुटा डबा घेण्यापेक्षा एकाच ठिकाणाहून पुरी गाडी भरून नेणे तिला फायद्याचे वाटू लागले, आणि लहान स्टेशनांवरील शेतकऱ्याच्या मालास वाली उरला नाही.

उलट उदाहरणही ह्याच मार्गावर आहे. येवल्याजवळचे नगरसोल हे लहानसे गाव. २०२१ साली किसान रेल्वेच्या गाड्या तेथे कांद्याने भरून आसामापर्यंत गेल्या. भाड्यातील निम्मी सवलत पुढे राहिली नाही हे खरे. तरी गाडी भरण्याजोगा माल, तो ठेवण्यास जागा व उभे राहण्यास रूळ ह्या तिन्हींचा मेळ बसला तर लहान स्टेशनही कामास येते, हे तेथे दिसले.

कोणी म्हणेल, पुरी गाडी म्हणजे सुमारे चाळीस डबे व अडीच हजार टन माल. एका गावाने तो आणावा कोठून? एका गावाने आणू नयेच. चार-पाच स्टेशनांच्या टापूत एक मालधक्का मिळाला, तर मका, सोयाबीन, सरकी व मोसंबी एकत्र करणे हे सोसायट्यांचे व शेतकरी कंपन्यांचे काम आहे, आणि ते त्यांस साधेल असे आमचे मत आहे. ही तयारी नसेल तर रेल्वेस तरी दोष कोणत्या तोंडाने द्यावा? फलाट व नावाची पाटी ह्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छान उठतात, एवढेच.

म्हणून जमिनीच्या मोबदल्याविषयी हरकती घेताना बंधूंनी त्याच अर्जात आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: मालधक्का कोणत्या स्टेशनास मिळणार, बाजूचा रूळ पुऱ्या मालगाडीच्या लांबीचा असणार काय, आणि धक्क्यापर्यंत पावसाळ्यात भरला ट्रॅक्टर नेता येईल असा रस्ता कोण बांधणार. उत्तर लेखी घ्यावे. एकदा नकाशे कायम झाले म्हणजे धक्क्याकरिता पुन्हा जमीन संपादन करणे सरकारास जड जाते आणि आम्हांस त्याहून जड.