परतीची अट

यंदाच्या वार्षिक सभेपुढे शिक्षण-निधीसंबंधी जो ठराव येणार आहे, त्याचा मसुदा सभासदांच्या हाती पडलाच असेल. परदेशी उच्च शिक्षणासाठी निधीतून कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण पुरे होताच स्वदेशी परत यावे, निदान पाच वर्षे वडिलोपार्जित व्यवसायात काम करावे, आणि तसे वचन पालकाच्या सहीनिशी आधीच लिहून द्यावे, असा त्याचा आशय आहे. ठराव मांडणारे गृहस्थ माझे स्नेही आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि हा ठराव मला मान्य नाही. सभेत बोलावयास जी दोन-चार मिनिटे मिळतात त्यांत सर्व काही सांगता येत नाही, म्हणून संपादक मंडळाच्या अनुज्ञेने हे विचार स्मरणिकेत मांडीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, घाऊक धान्याचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. वाचकांनी भाषेतील उणेअधिक पोटात घालावे.

प्रथम ठरावाची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. डिचोली व साखळीच्या बाजारपेठांत फिरून पाहावे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, आणि त्या ट्रकांच्या भरवशावर दिलेली उधारी कित्येक दुकानदारांच्या वहीत तशीच पडून राहिली. त्यानंतर तरुणांचा जो ओघ बाहेर लागला तो थांबलेला नाही. ज्यांचे आईबाप किंवा आजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले त्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि ते घेताच भारताचे नागरिकत्व जाते, हे गोव्यात कोणास सांगावयास नको. मोठमोठी घरे आहेत. आत दोन वृद्ध माणसे आणि भिंतीवर नातवंडांच्या तसबिरी. सभासदांनी पै पै करून जमविलेला निधी अशी घरे रिकामी करण्याच्या कामी यावा काय, असा प्रश्न ठरावकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मी तटस्थ नाही, हेही येथेच सांगून टाकतो. माझ्या कैलासवासी बंधूंची कन्या सध्या जर्मनीत धान्याची साठवण आणि त्यातील कीड ह्या विषयाचा अभ्यास करीत आहे. आमच्या पेढीवर पुढच्या पिढीचे तिच्याखेरीज कोणी नाही. ती परत आली नाही, तर माझ्यामागे दुकानाच्या फळ्या कोण उघडणार, हे मला ठाऊक नाही. ठराव मंजूर झाला तर त्याचा पहिला लाभ कदाचित मलाच होईल.

ती गेली तेव्हा आम्ही सर्वजण तिला पोहोचविण्यास मोपाला गेलो होतो. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली, आणि परदेशाचा रस्ता पेडणे तालुक्याच्या माळावरूनच जाऊ लागला. परंतु पेडण्याच्या व डिचोलीच्या माणसाला परदेशी शिकावयास जाणे नवीन नाही. पूर्वी त्याला विमान लागत नसे. किरणपाणीची तर ओलांडून आरोंद्याला उतरले, किंवा डिचोलीहून दोडामार्गाला पोहोचले, की परमुलूख लागत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तालुके नव्या काबिजादी म्हणून पोर्तुगिजांकडे गेले, आणि ज्यांची सोयरीक, देवदेवस्की व बाजारहाट सावंतवाडीकडे होती त्यांच्यामध्ये एक सरहद्द येऊन बसली. पणजीस लिसेव होते, वैद्यकशाळा होती. पण गोव्यात पहिली महाविद्यालये निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली. तोपर्यंत ज्यास पुढे शिकावयाचे त्याने बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी, नाहीतर बोटीने लिस्बनला जावे. दोन्हीही परदेशच.

माझे एक चुलते मुंबईत शिकत होते. १९५५ च्या ऑगस्टात सत्याग्रह झाला, पत्रादेवीला रक्त सांडले, आणि भारत सरकारने नाकेबंदी कडक केली. गोव्यात हॉलंडचे बटाटे येऊ लागले, हे आमचे वडील नेहमी सांगत. पण दोडामार्गाहून माणूस येईनासा झाला. त्याच दिवसांत माझी आजी निवर्तली. चुलत्यांना ती बातमी एका ओळखीच्या इसमाकडून पंधरा दिवसांनी कळली. ते दोडामार्गापर्यंत आले आणि अलीकडच्या बाजूस एका परिचिताच्या ओसरीवर तीन दिवस बसून परत मुंबईस गेले. घर दिवसभराच्या चालीवर होते. वार्धक्यातही ते ह्या गोष्टीविषयी बोलत नसत. त्या ओसरीचे मालक आमच्याकडे भात घालावयास येत, त्यांनी ती आम्हांस सांगितली. १९६२ च्या आरंभी चुलते घरी परतले आणि गादीवर बसले ते अखेरपर्यंत. त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतले नव्हते. मुंबईत त्यांना नोकरी होती, बिऱ्हाडाला जागाही होती. माणूस कशाने परत येतो, हे आम्ही आमच्या घरात एवढ्यापुरते पाहिले आहे.

गोव्यातून शिकण्यासाठी बाहेर पडलेल्यांत सर्वांत थोर नाव धर्मानंद कोसंबी ह्यांचे. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' ह्या त्यांच्या ग्रंथामुळे आपल्या समाजास ते परिचित आहेत. साखवाळचा हा गृहस्थ १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी ह्यांना मागे ठेवून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, पुढे सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा प्रवास करीत त्यांनी संस्कृत व पालीचे अध्ययन केले आणि सुमारे सात वर्षांनी ते घरच्या माणसांत आले. पुढे प्राध्यापक वुड्स ह्यांच्या निमंत्रणावरून १९१० साली ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. असे ते चार वेळा गेले व चारही वेळा परत आले.

त्यांच्या चरित्रातील एक व्यवहार आपणा व्यापाऱ्यांनी विचारात घेण्यासारखा आहे. कलकत्त्यास त्यांना विद्यापीठाची अडीचशे रुपयांची नोकरी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोणत्याही गावी राहावे व वर्षाकाठी एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. हा सौदा कोणत्याही रोजमेळात बसणारा नाही. आता कोणी म्हणेल, महाराजांनीही अट घातलीच की! होय, घातली. परंतु बडोद्यास येऊन आमच्या कचेरीत बसा, अशी ती नव्हती. जे काम त्या माणसाच्या अंतःकरणात आधीच होते, ते त्याला आपल्या लोकांत बसून करता यावे, एवढ्यासाठी होती. असे काम ओळखण्याची नजर आपल्या कार्यकारी मंडळास असेल, तर माझा विरोध पुष्कळ सौम्य होईल.

कोसंबींची थोरवी गाताना बाळाबाईंचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही, हे मला खटकते. त्या सात वर्षांत लहान मुलीला वाढविणाऱ्या बाईने दिवस कसे काढले असतील, ह्याची कल्पना आपल्या घरातील स्त्रिया अधिक करू शकतील. शिकावयास जाणाऱ्याचे कर्ज दोन ठिकाणी असते, आणि त्यातील निधीचे कर्ज सोपे असते.

वचन घेऊ नयेच, असे माझे म्हणणे नाही. १८८८ साली गांधीजी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींचे मन घेईना. बेचरजी स्वामी ह्या जैन साधूंनी तोड काढली. मद्य, मांस व स्त्रीसंग ह्यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा मोहनदासांकडून करविली, आणि आईने अनुज्ञा दिली. त्याच वेळी मुंबईत त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीच्या शेटजींनी त्यांना ज्ञातीबाहेर टाकले व जो कोणी त्यांना मदत करील किंवा बंदरावर पोहोचविण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. एकाच मुलाला एका बाजूने प्रतिज्ञा व दुसऱ्या बाजूने दंड! आईने जे मागितले ते आचरणाविषयी होते, आणि ते पाळले गेले. आपला ठराव ह्या दोहोंपैकी कोणाच्या पंगतीस बसतो, हे सभासदांनीच पाहावे.

परदेशी शिकणारा तेथे काय मिळवील, ह्याचा अंदाज येथे बसून करता येत नाही, ही आणखी एक अडचण. असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस वैद्यकीच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेले होते. तेथे त्यांची राममनोहर लोहियांशी मैत्री जडली. लोहियांनी मिठावरील कर ह्या विषयावर प्रबंध लिहून १९३३ साली आपले शिक्षण पुरे केले. दोघे आपापल्या वाटेने गेले. १९४६ साली तुरुंगातून सुटलेले, प्रकृती खालावलेले लोहिया विश्रांतीसाठी ह्या जुन्या मित्राच्या घरी असोळण्यास आले, आणि १८ जून रोजी मडगावला जी सभा झाली ती आज सर्वांना ठाऊक आहे. गोव्याच्या मुक्तीचे एक दार असे बर्लिनमधील दोन विद्यार्थ्यांच्या मैत्रीतून उघडले. मिनेझिस कुटुंबाने मुलाला जर्मनीस धाडताना ही प्राप्ती कोणत्या रकान्यात धरली असती?

आमच्या मुलीच्या शेजारच्या खोलीत एक पोर्तुगीज विद्यार्थिनी राहते. तिचे आजोबा शिपाई होते व १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात युद्धकैदी झाले होते. त्यांच्या तोंडून तिने डिचोली हे नाव ऐकले होते. ह्या दोघी आता एका चुलीवर स्वयंपाक करतात. तिने आमच्या मुलीकडून कुळथाची पिठी करण्यास शिकून घेतले. ज्या ओसरीवर माझे चुलते तीन दिवस बसले होते तिची हकिगत आमच्या मुलीने तिला सांगितली, तेव्हा ती पोर रडली, असे मुलीने कळविले. मी हे वाचून दुकानात बराच वेळ स्वस्थ बसलो.

मुलगी फोन करते तो दुकान आवरण्याच्या सुमारास. तेथील घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. तुर्की दुकानात मसूर कोणत्या भावाने आहे, हरभऱ्याचा दाणा केवढा, हे ती मला न चुकता सांगते. एकदा तिने विचारले, "काका, पहिला पाऊस पडला का? तागाच्या पोत्यांना वास सुटला का?" तो वास म्हणजे माल दमटल्याची सूचना, व्यापाऱ्याला तो नकोसा असतो. तिला त्याची आठवण येते. ह्यावरून ती परत येईल असा निष्कर्ष मी काढीत नाही, आणि तिलाही विचारीत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र माझे मत कडक आहे. जर्मनीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच गोठविलेल्या खात्यात भरून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो धरली जाऊ लागली, आणि खात्यातून दरमहा ९९२ युरोच हाती पडतात. ही रीत मला पसंत पडली. पैशाची हमी पैशाने घेतली, माणूस तारण मागितला नाही. आपल्या निधीचेही कर्ज हप्त्याहप्त्याने, ठरल्या मुदतीत, शेवटच्या रुपयापर्यंत वसूल झाले पाहिजे. परदेशी स्थायिक झालेला कर्जदार हप्ते चुकवील तर जामीनदाराकडून ते सक्तीने घ्यावेत. त्यात दयामाया नको. पण फेडलेल्या कर्जावर पुन्हा पाच वर्षांचे आयुष्य व्याज म्हणून मागणे, हा व्यवहार मला तरी ठाऊक नाही. आणि जबरदस्तीने गादीवर बसविलेला मुलगा गिऱ्हाइकाशी कसा वागतो, ह्याची उदाहरणे आपल्याच बाजारात आहेत. नावे घेत नाही.

शिवाय, बोलण्याचा अधिकार तरी आपला किती? डिचोली तालुक्यात कुडणे येथे एका प्राचीन जैन मंदिराचे अवशेष आहेत. त्याला लोक गुजीर देऊळ म्हणतात. म्हणजे कोणी दूरदेशीचे लोक तेथे आले, राहिले आणि देऊळ बांधण्याइतके स्थिरावले. आपल्यापैकी किती घराण्यांचे आजे-पणजे गुजरात, मारवाड किंवा घाटावरून एक लोटा व एक वळकटी घेऊन गोव्यात उतरले, ह्याची यादी ह्याच स्मरणिकेच्या मागील अंकांत छापली गेली आहे. त्यांतील कोणी पाच वर्षांनी परतण्याचे लिहून दिले असते, तर आजच्या सभेला कोरम झाला नसता.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. ठरावातील परतीचे व व्यवसायाचे कलम गाळावे. त्याऐवजी, ज्याने निधीतून कर्ज घेतले त्याने, तो जेथे असेल तेथे, पुढील वर्षी तिकडे येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला स्टेशनवर उतरवून घ्यावे, पहिले पंधरा दिवस त्याची राहण्याची सोय लावावी व तसे त्याच्या घरी कळवावे, एवढेच लिहून घ्यावे. परत येणाऱ्यासाठी पहिली दोन वर्षे बिनव्याजी भांडवलाची तरतूद निधीत करावी. ह्या कामी आमच्या पेढीतर्फे पहिली रक्कम मी देईन. दुरुस्तीचा मसुदा चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. तीस अद्याप अनुमोदक मिळावयाचा आहे. ज्यांस पटेल त्यांनी सभेपूर्वी आपले नाव त्यांच्याकडे नोंदवावे.