कलेला नाव असतं

मागे एका कार्यक्रमात मी मराठी कवितेवर बोललो. भाषण संपल्यावर सूत्रसंचालकांनी माईक घेतला आणि म्हणाले, "सरांचं मराठी ऐकून कुणाला वाटेल का, की हे मुसलमान आहेत? खरंच, कलेला धर्म नसतो!" टाळ्या पडल्या. मीही हसून हात जोडले. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य घशात अडकून राहिलं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता, म्हणूनच त्यावर लिहायला हवं. वाईट हेतूच्या वाक्यांना उत्तर देणं सोपं असतं.

माझं उत्तर एका अमेरिकन बँडच्या इतिहासात आहे.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी घराच्या गॅरेजमध्ये गिटार, ड्रम जमवून जे कच्चं, खडबडीत संगीत वाजवलं, त्याला पुढे 'गॅरेज रॉक' असं नाव पडलं. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ग्रीसने माखलेला मेकॅनिक आठवतो. आमच्या समाजाला हिणवायला 'पंक्चरवाले' हा शब्दही तिथूनच उचलला जातो. अमेरिकेतलं गॅरेज म्हणजे बापाची मोटार उभी करायची जागा. त्यामुळे या संगीताची गोष्टही तशीच सांगतात : १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले, त्यांना टीव्हीवर पाहून उपनगरांतल्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांनी बँड काढले. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे.

मिशिगन राज्यात सॅगिनॉ आणि बे सिटी ही शेजारची शहरं. भोवतालच्या खोऱ्यात साखरेच्या बीटची शेती. तिथल्या विरळणी-खुरपणीला टेक्सासमधून मेक्सिकन वंशाची मजूर कुटुंबं येत. दिवसभर कमरेत वाकून काम, हंगाम संपला की पुढचं गाव. ज्यांनी आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या पाहिल्यात, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. यातली काही कुटुंबं तिथेच स्थिरावली. अशा घरांतल्या मुलांनी १९६२ मध्ये, म्हणजे बीटल्स अमेरिकेत यायच्या दोन वर्षं आधी, एक बँड सुरू केला. नाव घेतलं एका जपानी चित्रपटावरून : 'द मिस्टेरियन्स'. चित्रपटातले मिस्टेरियन्स परग्रहावरून येऊन पृथ्वीवर जमीन मागतात. इंग्रजीत परग्रहवासी आणि परदेशातून आलेला माणूस, दोघांनाही 'एलियन' म्हणतात. पोरांना हे सुचलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण नाव चपखल बसलं.

१९६६ मध्ये बे सिटीत त्यांनी '९६ टिअर्स' हे गाणं रेकॉर्ड केलं. ऑर्गनची परत परत येणारी छोटीशी सुरावट आणि त्यावर धमकी देणारा एक दुखावलेला आवाज. रेकॉर्ड काढली त्यांच्याच समाजातल्या लिली गोन्झालेझ या बाईंच्या 'पा-गो-गो' नावाच्या चिमुकल्या कंपनीने. आधी स्थानिक रेडिओवर गाजली, मग कॅमिओ-पार्कवे कंपनीने ती देशभर नेली. २९ ऑक्टोबर १९६६ च्या बिलबोर्ड यादीत ती पहिल्या क्रमांकावर होती. पुढच्याच वर्षी अरेथा फ्रँकलिनसारख्या गायिकेने हे गाणं स्वतः गायलं. १९७१ मध्ये समीक्षक डेव्ह मार्शने 'पंक रॉक' हा शब्द छापला, तो याच बँडबद्दल लिहिताना. त्या शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी तो एक.

आता नावं वाचा : रॉबर्ट बाल्डेरामा, फ्रँक रॉड्रिगेझ, फ्रँक लुगो, एडी सेराटो. गाणारा रुडी मार्टिनेझ. पण रुडीने स्वतःला नाव लावलं फक्त एक चिन्ह : '?'. पुढे कायद्यानेही तेच नाव घेतलं. काळा चष्मा कधी काढायचा नाही, विचारलं तर मी मंगळावरून आलोय म्हणायचा.

इथे माझे मित्र मला अडवतील. "अहो, त्यानेच नाव टाकलं. तुम्ही कशाला मार्टिनेझ उकरून काढताय?"

प्रश्न रास्त आहे. स्वतःचं नाव बाजूला ठेवायचा हक्क प्रत्येकाला आहे. यूसुफ खान पडद्यावर दिलीपकुमार झाले, तो त्यांचा निर्णय. पण माणसाने स्वतः पांघरलेला पडदा वेगळा आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी फिरवलेलं डस्टर वेगळं. '?' ही गंमत म्हणून सगळ्यांना आठवते, बीटची शेतं फार थोड्यांना. आणि नाव पुसलं की हिशोबही पुसट होतो. कॅमिओ-पार्कवे पुढे अॅलन क्लाइनच्या ताब्यात गेली आणि मूळ रेकॉर्डिंग २००५ पर्यंत सीडीवर आलंच नाही. तोवर या लोकांना आपलीच गाणी १९९७ मध्ये पुन्हा रेकॉर्ड करावी लागली.

आता त्या टाळ्यांकडे येतो. 'कलेला धर्म नसतो' हे वाक्य कुणाला ऐकवलं जातं? कुलकर्णी सरांनी ज्ञानेश्वरीवर सुंदर भाषण केलं तर कुणी म्हणत नाही, "वाटतच नाही हो तुम्ही हिंदू आहात." ते वाक्य आमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं. त्याचा सरळ अर्थ असा, की मराठी चांगलं असेल तर तेवढ्यापुरतं तुमचं मुसलमान असणं आम्ही विसरतो. चूक झाली तर मात्र नाव, आडनाव, मोहल्ला, सगळं लख्ख आठवतं. यशाला धर्म नाही आणि गुन्ह्याला आहे, हा कुठला न्याय?

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, आपल्यातलं कुणी मराठीत लिहितं का?" मी तिला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' सांगितला, बार्शीचे शाहीर अमर शेख सांगितले. तिने दोन्ही नावं वहीत लिहून घेतली. कलेला नाव-गाव नसतं, असं त्या दिवशी मी म्हणालो असतो, तर तिची वही कोरीच राहिली असती.

तेव्हा पुढच्या वेळी माझं भाषण आवडलं तर "चांगलं बोललात" एवढंच म्हणा. मी मुसलमान वाटतो की नाही, हे कृपया मोजू नका. मी आहे, आणि बोललो ते मराठीही माझंच आहे.