न्हाणीघरातला प्लग आणि तीस मिलिअँपिअर

थंडी पडू लागली की देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून एक ठरावीक बातमी येते : गीझरचा, नाहीतर बादलीत सोडलेल्या हीटिंग रॉडचा धक्का बसून मृत्यू. चार ओळींच्या या बातमीत ‘शॉर्ट सर्किटमुळे’ हा शब्द हमखास असतो. माझा पहिला आक्षेप त्या शब्दालाच आहे. खरोखर शॉर्ट सर्किट झाले असते, तर प्रचंड प्रवाह वाहून एमसीबी क्षणार्धात पडला असता. न्हाणीघरात माणूस दगावतो तो बहुधा गळतीच्या प्रवाहाने, आणि तो प्रवाह एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

हिशेब सोपा आहे. ओल्या अंगाचा, हातापासून पायापर्यंतचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. त्याच्या काही पट प्रवाह सेकंदभर टिकला तरी हृदयाची लय बिघडू शकते. इकडे दोन किलोवॅटचा गीझर स्वतःच सुमारे ९ अँपिअर घेतो आणि त्याच्या वाटेवरचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. त्याला पाव अँपिअरची दखल घेण्याचे कारणच नाही. तो तारा जळू नयेत म्हणून बसवलेला असतो, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परतला की नाही, एवढेच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत पुरवठा तोडतो. अर्थिंग नसले तरीही तो काम करतो, कारण गळतीची वाट तेव्हा माणूसच झालेला असतो. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडणाऱ्याला मात्र तोही वाचवू शकत नाही.) राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा वार्षिक आकडा बारा हजारांच्या वर दिसतो. त्यांत शेतातले, रस्त्यावरचे, कारखान्यातले मृत्यूही आले; पण घरातले मृत्यू टाळण्याचे साधन दुकानात सहज मिळते, हे विसरता येत नाही.

आता प्लगच्या जागेविषयी. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात न्हाणीघराचे विभाग पाडलेले आहेत. तबक नसलेल्या शॉवरच्या बाबतीत, पाणी जेथून पडते तेथून १.२ मीटरपर्यंत आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतच्या जागेत साधे सॉकेट चालत नाही. आता आपले चार फूट बाय सात फुटांचे न्हाणीघर डोळ्यांसमोर आणा. बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेणाऱ्या आपल्या घरांत कोरडा कोपरा उरतोच कुठे? म्हणून माझे मत असे की, आपल्या नियमांनी बाथटबच्या अंतरांची उसनवारी करण्यापेक्षा सरळ म्हणावे : लहान न्हाणीघरात हाताच्या उंचीवर सॉकेट नकोच. गीझर वर, कायमच्या जोडणीचा. त्याचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच दाराबाहेर. वॉशिंग मशीनला गॅलरी बरी. प्रत्यक्षात सॉकेटची जागा नळवाल्याने पाइप कुठून नेला यावर ठरते, आणि वायरमन उरलेल्या भिंतीवर पेटी ठोकतो.

पाइपांचीही एक गंमत आहे. जुन्या घरांत अनेकांनी लोखंडी नळालाच अर्थची तार बांधली होती. पद्धत तेव्हाही चुकीचीच. पण आता नळ सीपीव्हीसीचे झाले, आणि मध्येच एक प्लॅस्टिकचा तुकडा जोडला गेला की ती तार नावापुरतीच उरते. त्यात कठीण पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, आवरणाला तडा जातो, आणि पाण्यासह तोटीपर्यंत वीज पोहोचू शकते.

‘आरसीसीबी सारखा पडतो’ म्हणून तो वगळून जोडणी करून देणारे वायरमन सर्वत्र भेटतात. तो सारखा पडत असेल, तर बहुतेकदा जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झालेले असतात, किंवा खरोखरच कोठेतरी गळती असते. दोन्ही शोधण्याजोगी कारणे आहेत.

माझ्या घरच्या आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण मी सहा वर्षांत एकदाही दाबले नव्हते. गेल्या महिन्यात दाबले; काहीच झाले नाही. नवा बसेपर्यंत चार दिवस पाणी गॅसवर तापवले.