गाळ्यात अडकलेला धूर

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातले बरेच छोटे कारखाने एकाला एक चिकटलेल्या गाळ्यांत चालतात. पुढे शटर, मागे एखादा पंखा. तिथे एकाने विडी पेटवली की शेजारच्या मशीनवरचाही ती ओढतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के, पण बंदिस्त जागेत काम करणाऱ्या सुमारे ३० टक्के लोकांना कामावर दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. थोड्यांची सवय अनेकांच्या छातीत उतरते, हा उघड अन्याय आहे.

ओढणाऱ्यांना वेगळी खोली द्या, असे काही मालक सुचवतात. पण २ ऑक्टोबर २००८ पासून लागू असलेल्या धूम्रपानबंदीच्या नियमांत ती मुभा फक्त विमानतळ आणि मोठी हॉटेले-उपाहारगृहे यांनाच आहे, कारखान्यांना नाही. शिवाय दार उघडले की धूर बाहेर येतोच. बाहेर सोडले तर काम बुडते, ही तक्रार खरी आहे. पण चहाच्या सुट्टीची वेळ ठरवली की ती बरीचशी मिटते. हवेत धूळ आणि रसायने आहेतच, मग विडीने काय बिघडते, हा युक्तिवाद मात्र मला मुळीच पटत नाही: आधीच थकलेल्या फुफ्फुसावर आणखी भार कशाला? नियमांनुसार धूम्रपानबंदीचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव त्यावर लिहिणे आणि अ‍ॅशट्रे न ठेवणे ही जबाबदारी मालकाची आहे. गाळामालकांनो, तो फलक या आठवड्यातच लावा आणि त्यावर नाव लिहा.